पटावरची पाटा वाहणारी बाई

ज्या देवाने आभाळ उभे केले आणि आमच्या घरांमागे ज्वालामुखीचा डोंगर बसवला, त्याचे नाव आधी. मी बार्बोला तेइकू, दिवंगत तोरिबियो सितलाल याची लग्नाची बायको, राहणार अल्मोलोंगा, दूर उत्तरेकडच्या त्लाश्कालाहून आलेल्या लोकांची वस्ती, वय नक्की माहीत नाही. स्पॅनिश कप्तान आम्हांला घेऊन ग्वातेमालाच्या मोहिमेवर निघाला तेव्हा मी नवी नवरी होते, त्यावरून ज्याचे त्याने मोजावे. माझ्या अंगात ताप आहे, पाय सुजले आहेत आणि उठून बसवत नाही. डोके मात्र ठिकाणावर आहे. हे मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता सांगते आहे आणि आपल्या गावचा लेखनिक मातेओ ते लिहून घेतो आहे. मी सांगेन ते सगळे त्याने लिहायचे आहे. गाळागाळ करायची नाही. गाळागाळीपायी माझे आयुष्य जळण्यात गेले.

आत्मा देवाचा, तो त्याने परत न्यावा. देह मातीचा. तो देवळाच्या दाराशी माझ्या नवऱ्याशेजारी पुरावा, उजव्या हाताला. डावीकडची जागा माझी नणंद पेत्रोनिला शोको हिने आधीच सांगून ठेवली आहे. नवरा जिवंत असताना जेवायलाही ती त्याच्या डावीकडेच बसायची. उजवी बाजू कोणाची, यावर मी गेल्यावर वाद होऊ नये म्हणून हे सगळ्यांत वर लिहिले आहे.

राहते घर, त्याचे अंगण, अंगणातले अवोकादोचे झाड आणि ओढ्याकाठचे मक्याचे शेत माझी नात लुसिया हिला देते. तिने माझे केले, म्हणून तिला. माझा मुलगा लोरेन्सो शहरात राहतो, त्याला घर नको आहे, जे विकता येते तेच त्याला हवे असते. त्याला बापाचे कापसाचे चिलखत द्यावे. त्यावर डाव्या खांद्याला एक ठिगळ आहे, ते मी वाटेत रात्री चुलीच्या उजेडात शिवले होते. विकायचे झाले तर घेणाऱ्याला ठिगळ कोणी शिवले ते सांगावे. लोरेन्सोची आत्या पेत्रोनिला सगळ्यांना सांगते की तिने शिवले. तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता तेव्हा, आणि आजही येत नाही.

टर्की कोंबड्या विकून माझ्यासाठी प्रार्थना करवून घ्यावी. खोडकर काळा नर विकू नये, तो फक्त लुसियाचे ऐकतो. माझा लाल काठाचा घागरा पेटीत तळाशी आहे, तोही लुसियाला. तो जुना आहे, विरला आहे, पण तोच घागरा पटावरच्या बाईने नेसला आहे. इथून पुढे नीट लिही, मातेओ.

आपल्या वस्तीचा कापडावर रंगवलेला पट सगळ्यांना माहीत आहे. सांता सेसिलियाच्या दिवशी तो देवळाच्या भिंतीवर टांगतात आणि मोहिमेवर गेलेल्यांनी काठी हातात घेऊन आपापली हकीगत सांगायची, हा रिवाज आहे. आता सांगणारे फार उरले नाहीत. कप्तानाने आपली हकीगत कागदावर लिहून राजाला पाठवली. एका पाद्रीबाबांनी ती आम्हांला वाचून दाखवली होती. त्यात नद्या आहेत, डोंगर आहेत, कप्तानाच्या घोड्याला कुठे जखम झाली तेही आहे. आमच्याबद्दल इतकेच की सोबत काही मित्र होते. आमचे पुरुष त्या संध्याकाळी फार चिडले. म्हणाले, आपला पट आपण काढू. मग गास्पार चितारी, जो स्वतः मोहिमेवर होता, त्याने हा पट रंगवला. पुरुषांनी कप्तानाला ज्यासाठी नावे ठेवली होती, तेच त्यांनी आम्हां बायकांशी केले, हे मात्र एकाच्याही लक्षात आले नाही. पटावर पुरुष मुंग्यांसारखे आहेत आणि प्रत्येकाच्या डोक्याला दोरी जोडून वर त्याच्या नावाची खूण काढली आहे. माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर तारा आहे, कारण आमच्या भाषेत सितलाल म्हणजे तारा. आणि बाई सगळ्या पटावर एकच. नदी ओलांडते आहे, पाठीवर तीन पायांचा पाटा, तो पेलायला कपाळावर पट्टा, मान खाली, तोंड दिसत नाही. डोक्यावर खूण नाही. लाल काठाचा घागरा.

ती बाई मी आहे.

तो पाटा माझ्या आईचा. त्लाश्कालाहून इथवर तो माझ्या पाठीवर आला. त्यावर वाटलेला मका खाऊन ह्या लोकांनी हा देश जिंकला. नदीच्या पाण्यात समोरून बाण येत होते आणि पाणी छातीला लागले होते. ज्यांच्या पाठीवर हलके ओझे होते ते वाहून गेले. मला त्या पाट्याने धरून ठेवले, म्हणून मी पलीकडे पोचले. हे वाक्य माझे आहे. मोहिमेनंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी चुलीपाशी बसून ते नवऱ्याला सांगितले होते, आणि पेत्रोनिला तिथे दाणे सोलत बसली होती. आता दर वर्षी पटासमोर काठी हातात घेऊन ती तेच वाक्य म्हणते. बायका डोळे पुसतात. पाद्रीबाबा तिला पहिल्या रांगेत खुर्ची देतात. तिच्या घरच्या मुली फुलांचे हार घालून मिरवणुकीत पुढे चालतात आणि माझी लुसिया मागच्या रांगेत, ज्यांच्या घरचे पटावर कोणी नाही अशांच्या बरोबर, धूळ खात चालते. लुसियाचे आजोबा पटावर आहेत, म्हणा. पण मुलींची रांग बायकांवरून धरतात, आणि पटावर बाई एकच आहे.

मला जळजळ होते. पोटात दुखते. लपवून काय करायचे, देवाला ठाऊकच आहे. तिचे केस अजून काळे आहेत याचाही मला त्रास होतो. ती गोष्ट सांगताना मधेच थांबते आणि सगळे श्वास धरतात, ते मला जमत नाही याचा सगळ्यांत जास्त.

आणि हे लिहून ठेव. पहिल्या वर्षी पट टांगला तेव्हा पाद्रीबाबांनी माझ्या नवऱ्याला विचारले, "तोरिबियो, ही बाई कोण?" मी मागे हातात भाकरींची टोपली घेऊन उभी होते. माझ्या नवऱ्याने काठी उचलली, त्या बाईच्या पाठीवर टेकवली आणि म्हणाला, "ही आमची पेत्रोनिला." मी टोपली तिथेच खाली ठेवली आणि घरी आले. त्या दिवशी तो बहिणीकडे जेवला. नंतर मी किती वेळा विचारले. कधी म्हणायचा, चितारी विसरला असेल. कधी म्हणायचा, झोप आता. मरेपर्यंत त्याने उत्तर दिले नाही. माझ्या नवऱ्याने माझ्यापेक्षा बहिणीला वर ठेवले, आणि सगळ्या गावासमोर ठेवले, हे मी विसरले नाही, आणि हा माणूस स्वर्गात भेटला की पहिले हेच विचारणार आहे.

ज्या पाट्याची ही हकीगत, तो पाटा त्याच्या वरवंट्यासकट मी पेत्रोनिला शोको हिला देते.

इथे मातेओ थांबला आणि त्याने माझ्याकडे पाहिले. साक्षीला वस्तीचा मुख्य फाबियान बसला आहे, त्यानेही पाहिले. पेत्रोनिला उंबऱ्याशी बसली आहे, कारण मोहिमेवरच्या बायकांपैकी आम्ही दोघीच उरलो आणि साक्षीला ती लागते. ती माझ्यासाठी मक्याची पेज घेऊन आली होती. पातळ होती.

पाटा देते, पण एका अटीवर. तो तिने स्वतः, आपल्या पाठीवर, कपाळाला पट्टा लावून, माझ्या घरापासून तिच्या घरापर्यंत न्यायचा. वाटेत पाण्याचा पाट आहे, तो ओलांडून. दिवसाढवळ्या, गाव बघत असताना. पोचली तर पटावरची बाई ती, आणि माझ्या घरच्यांनी पुन्हा तोंड उघडायचे नाही. वाटेत टेकली तर पटावरची बाई मी, आणि येत्या सणाला लुसिया मिरवणुकीत पुढे चालेल. हे मी मेल्यावर करायचे आहे.

यावर जे बोलणे झाले तेही लिहायला मी मातेओला सांगितले. फाबियान नको म्हणत होता.

पेत्रोनिला म्हणाली, "मेल्यावर कशाला, वहिनी? तू बघायला नको का?"

"मी वरून बघेन."

"वरून! तुला खात्री आहे वरच जाणार म्हणून?"

"वन्सं, साक्षीला बोलावलंय तुला. भांडायला नाही."

"मग खोटं कशाला लिहवतेस? म्हणे तीच बाई मी. कुठल्या वेळची, ते पण सांग ना मातेओला. पहिल्या वेळची की दुसऱ्या?"

फाबियान एकदम खोकला. "आत्याबाई, ते नको. ते विषय नकोत."

"का नकोत? ही मरायला टेकलीय, माझंही आता काही खरं नाही. कोणाला भ्यायचं?"

"भ्यायचं म्हणजे काय, आपण कधी पाठ दाखवली नाही असं आपल्या माणसांनी शपथेवर सांगितलंय. कर माफ आहे तो त्याच्यावर. मातेओ, लेखणी खाली ठेव."

मी म्हणाले, "मातेओ, लेखणी खाली ठेवलीस तर तुझी आजी मोहिमेवर काय काय करत होती तेही मी सांगेन." मातेओने लेखणी ठेवली नाही. गुणाचा मुलगा आहे.

तर लिही, मातेओ. नदी आम्ही दोनदा ओलांडली. पहिल्यांदा बाणांच्या माऱ्यात पलीकडे गेलो, काठावर खड्डे होते, खड्ड्यांत टोकदार खुंट, वरून गवत पसरलेले. दुपारपर्यंत आमची माणसे त्यात पडत राहिली. मग कप्तान वळला आणि आम्ही सगळे परत पळालो, घोडेसुद्धा. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओलांडली. कप्तानाच्या कागदात नदी एकदाच आहे. पटावरही एकदाच आहे, कारण पळून आलेले कोणी रंगवत नाही. आमच्यातले सगळे हे जाणतात आणि सगळे ह्या बाबतीत मुके आहेत. पहिल्या वेळी पाटा माझ्या पाठीवर होता. पळताना माझा पाय मुरगळला, म्हणून दुसऱ्या वेळी तो पेत्रोनिलाने घेतला. पाटा एकच होता, आम्ही आळीपाळीने वाहायचो. घागराही एकच धड उरला होता, जी पाण्यात जाईल ती तो नेसायची. म्हणजे पटावर पहिली वेळ असेल तर मी, दुसरी असेल तर ती. आणि पहिलीच खरी. दुसऱ्या वेळी समोर कोणी उरलेच नव्हते.

"समोर नव्हतं कोणी," पेत्रोनिला म्हणाली, "पण रात्री वर पाऊस झाला होता. पाणी गळ्याशी होतं, वहिनी. तू काठावर पाय चोळत बसली होतीस, म्हणून दिसलं नसेल."

"पाटा कोणी उचलून दिला तुझ्या पाठीवर? मी."

"हो, तूच दिलास. आणि म्हणालीस, माझ्या आईचा आहे, बुडालीस तरी चालेल, पाटा सोडू नकोस."

असे मी म्हणाले होते. म्हणायलाच हवे होते, पाटा आईचा होता.

मग मी तिला विचारले, जे मी नवऱ्याला इतकी वर्षे विचारत होते. "तुझ्या भावानं तुझंच नाव का घेतलं?"

ती उठून आत आली आणि माझ्या चटईशी बसली. तिचा आवाज पटासमोर असतो तसा नव्हता. ती मधे थांबलीही नाही. "उइत्सिल कुठे मेला, वहिनी?"

उइत्सिल म्हणजे तिचा माणूस; आमच्या भाषेत उइत्सिल हे एका इवल्या पक्ष्याचे नाव. लग्न ठरले होते, मोहिमेवरून आल्यावर होणार होते; पुढे तिने दुसऱ्याशी संसार केला. तो परत पळतानाच खड्ड्यात पडला. आम्ही दोघींनी त्याला ओरडताना ऐकले होते.

"तो परतताना मेला. परतणं पटावर नाही, म्हणून तो पटावर नाही. त्याच्या नावाचा पक्षी गास्पारनं कुठेच काढला नाही. पट पहिल्यांदा टांगला तेव्हा मी कोपरान् कोपरा शोधला, दादा माझ्या मागे उभा होता. मी त्याला म्हणाले, दादा, इथे माझं कोणीच नाही रे. मग पाद्रीबाबांनी विचारलं, आणि त्यानं काठी टेकवली. वहिनी, तुझा नवरा पटावर होता. डोक्यावर तारा असलेला, तिथंच, नदीच्या मधोमध. मला ती बाई दिली त्यानं. तुझ्याकडून घेतली असं त्याला वाटलं नसणार. घरातलंच एक ह्या हातातून त्या हातात."

फाबियान खाली बघत होता. मातेओ लिहायचा थांबला होता, मी त्याला लिही म्हणाले.

लोकांनी असे समजू नये की हे ऐकून माझा मत्सर गेला. उलट नवा सुरू झाला. नवरा मला हे बोलला नाही. माझ्या शेजारी झोपून त्याने ते पोटात ठेवले आणि बहिणीशी वाटून घेतले. ते दोघे एक आणि मी बाहेर, हे मोहिमेच्या वाटेवर होते तसेच मरेपर्यंत राहिले. पण उइत्सिलबद्दल ती बोलली तेव्हा माझ्या डोळ्यांना पाणी आले. दोन्ही एकाच वेळी आले, आणि दोन्ही लिहिले जावे.

मग पेत्रोनिला उठली. म्हणाली, "कुठाय पट्टा?"

"कसला?"

"कपाळाचा. अट आहे ना? तुझ्यादेखतच होऊ दे."

लुसिया तिला धरायला गेली. "आजी, मोडशील ग! ह्या वयात पाटा कोण उचलतं?"

"बाजूला हो. तुझ्या आजीनं बुडले तरी सोडू नको म्हणून सांगितलंय मला."

माझी चटई दाराशी ओढायला मी सांगितले. फाबियानने आणि लुसियाने मिळून पाटा तिच्या पाठीवर चढवला. तिने पट्टा कपाळाला लावला, मान खाली घातली आणि अंगणातून बाहेर पडली. शेजारचे लोक जमले. ती हळू चालत होती, फार हळू. तिचे तोंड दिसत नव्हते, केस दिसत नव्हते. पाठीवर पाटा, पाट्याचे तीन पाय आणि खाली दोन पाय, इतकेच. पाण्याच्या पाटापाशी ती थांबली. माझ्या तोंडून आवाज फुटला, "सोडू नको!" कोणाला ओरडले ते मला कळले नाही. गास्पारने काठावरून जे पाहिले असेल ते मी पाहत होते, आणि देवाशप्पथ सांगते, मला वाटले मी चालले आहे. माझी मान दुखली. मग तिने पाण्यात पाय घातला आणि ती पलीकडे गेली.

दोन घरे अलीकडे ती टेकली. अटीप्रमाणे मी जिंकले.

जिंकले म्हणून आता माझी शेवटची इच्छा मी म्हणेन तशी. पाटा पेत्रोनिलाच्याच घरी राहील, तिच्या मागे लुसियाकडे येईल, आणि दोन्ही घरच्या मुली मिरवणुकीत पुढे चालतील, एका रांगेत. ज्याला हे रुचणार नाही त्याने नदी ओलांडून दाखवावी. मृत्युपत्र देवळात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा आपल्याकडे रिवाज आहे, तेव्हा हेही वाचले जाईल: नदी दोनदा ओलांडली, आणि मधल्या दुपारी त्लाश्कालाचा उइत्सिल तिथे मेला. फाबियान म्हणतो कराचे काय होईल. मला कर भरायचा नाही, मी मरते आहे. पट बदलायला मी सांगत नाही. पण उइत्सिलच्या नावाचा पक्षी कोणी त्या नदीच्या कडेला लहानसा काढला, तर त्या चिताऱ्याला माझ्या कोंबड्यांतली एक द्यावी. काळा नर सोडून.

पेत्रोनिलाने यापुढे पटासमोर ते पाट्याचे वाक्य म्हणावे. ती ते माझ्यापेक्षा चांगले म्हणते. म्हणण्याआधी माझे नाव मात्र घ्यावे.

मातेओने हे सगळे मला वाचून दाखवले. मी ऐकले, बरोबर आहे. एकच राहिले होते ते घालायला सांगितले: पहिल्यांदा नदी मी ओलांडली.

अल्मोलोंगा, सांता सेसिलियाच्या सणाआधीचा शुक्रवार, सन पंधराशे पंच्याहत्तर.

बार्बोला तेइकू हिची निशाणी: फुली.

साक्षीदार: फाबियान दे लुना, वस्तीचा मुख्य, सही. हरकत नोंदवून.

साक्षीदार: पेत्रोनिला शोको हिची निशाणी: फुली. फुली वाकडी आली, पाटा वाहून आली होती.

लिहिणार: मातेओ दे ला क्रूस, सही. मृत्युपत्र करणारीच्या सांगण्यावरून नोंद करतो की साक्षीदार पेत्रोनिला हिने आपली फुली बार्बोलाच्या फुलीच्या वर काढू पाहिली आणि तिला ती खाली काढायला लावली.